सोफ्यावरचा फ्री थ्रो

बास्केटबॉल बसून खेळता येतो हे भाच्याने मला पटवून दिले, तेव्हा दोन्ही गुडघ्यांच्या वतीने मी या शोधाचे स्वागत केले. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी तो रविवारी दुपारी टीव्हीला आपले यंत्र जोडतो आणि घरात दुसरे कोणीच रिकामे नसल्यामुळे प्रतिस्पर्धी म्हणून माझी नेमणूक होते. कॉलेजात असताना मी हा खेळ खऱ्या मैदानावर खेळलेलो आहे. त्यामुळे या व्हिडिओ गेमचे गुणदोष सांगण्याचा अधिकार मला आहे, असे माझे मत आहे. भाच्याचे तसे नाही.

गेम बनवणाऱ्यांना बास्केटबॉल कळतो, हे आधी मान्य केले पाहिजे. चेंडू घेऊन एकट्यानेच आत घुसावे, तर दोन धिप्पाड बचावपटू तत्काळ वाट बंद करतात. पण आपला एखादा भिडू बचावपटूच्या वाटेत खांबासारखा उभा केला आणि मग त्या भिडूलाच बास्केटकडे वळवले, तर बचावाची जी तारांबळ उडते ती हुबेहूब मैदानावरची असते. खेळाडूला सतत पळवले तर तो दमतो आणि दमलेल्याचा शॉट रिंगच्या अलीकडेच पडतो. शिवाय चेंडू हाती आल्यावर तेवढ्या वेळात बास्केटकडे टाकायलाच लावणारे २४ सेकंदांचे घड्याळ आहे, आणि माझे खरे दुःख तिथूनच सुरू होते.

हे घड्याळ एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने १९५४ साली आणले. त्यापूर्वी आघाडीवर असलेला संघ चेंडू नुसता धरून ठेवू शकत असे. १९५० साली फोर्ट वेन आणि मिनियापोलिस या दोन संघांमधला सामना १९-१८ अशा गुणांवर संपला होता. मी मनाने त्याच काळातला आहे. पास देण्याचे बटण कोणते आणि उडी मारण्याचे कोणते, याचा सर्व बाजूंनी विचार करून मी निर्णयाप्रत येतो तोवर भोंगा वाजतो आणि चेंडू भाच्याकडे जातो. “मामा, विचार नंतर कर, आधी टाक!” हा त्याचा सल्ला मला तत्त्वतः मान्य नाही.

दोषांमध्ये पहिला मान फ्री थ्रोचा, म्हणजे समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचा. खऱ्या मैदानावर बास्केटच्या फळीपासून ४.५७ मीटरवरच्या त्या रेषेमागे उभे राहिले की कोणी आडवे येत नाही आणि माणूस शांतपणे श्वास घेऊन चेंडू टाकतो. इथे मात्र एक पट्टी सरसर भरत जाते आणि नेमक्या क्षणी बटणावरचा अंगठा उचलावा लागतो. एवढासा उशीर झाला तरी जागतिक कीर्तीचा खेळाडू माझ्यामुळे जगासमोर तोंडघशी पडतो. आमचा टीव्ही जुना असल्याने बटण आणि चित्र यांच्यात किंचित अंतर पडते, हे मी पुराव्यानिशी मांडले. त्यावर भाच्याने टीव्हीतले ‘गेम मोड’ नावाचे काहीतरी सुरू केले, अंतर कमी झाले आणि माझा मुद्दा विनाकारण कमकुवत झाला.

दुसरा दोष पैशांचा. आपला स्वतःचा खेळाडू घडवण्याची सोय पाहून मी मोठ्या हौसेने स्वतःपेक्षा फूटभर उंच असा एक तरुण तयार केला. त्याला लांबून शॉट मारता येईना. ते कौशल्य नाण्यांनी विकत घ्यावे लागते, नाणी मिळवायला सामन्यांमागून सामने खेळावे लागतात आणि तेवढा धीर नसेल तर खऱ्या बँकेचे खरे कार्ड चालते. जिच्याबाहेरून बास्केट केली की तीन गुण मिळतात, ती एनबीएची रेषा बास्केटच्या समोर ७.२४ मीटरवर आहे. तिथून चेंडू टाकायला आमचे प्रशिक्षक फुकट शिकवत, वर चार शब्दही सुनावत. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती निघाली की हा तरुण जुन्या आवृत्तीतच राहतो, म्हणजे केलेला सगळा खर्च बुडीत खाती.

तरीही सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. या गेममध्ये पंचांचा कडकपणा शून्यापासून शंभरापर्यंत हवा तसा कमीजास्त करता येतो! नियम हा नियम असतो, अशा समजुतीत पुण्यात हयात काढलेल्या माणसाने हे कसे सहन करायचे? भाच्याने तो आकडा गुपचूप खाली ठेवला होता, म्हणूनच त्याचे खेळाडू मला ढकलत होते आणि शिट्टी वाजत नव्हती. मी कडकपणा शंभरावर न्यायला लावला. क्वार्टर, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी एक, तोही गेमच्या सोयीचा पाच मिनिटांचा नको, खऱ्यासारखा बारा मिनिटांचाच हवा, असाही आग्रह धरला.

“अहो, मालिका सुरू होईपर्यंत आटपेल ना?” आतून प्रश्न आला.

सामना सुरू झाला. आता चेंडू हिसकावण्याचे बटण मी सवयीने दाबले, की लगेच शिट्टी वाजू लागली. सहा फाउल झाले की खेळाडू बाद, हा एनबीएचा नियम पंचांनी इतक्या निष्ठेने पाळला, की माझे एकेक महारथी बाकावर जाऊन बसले आणि आपल्या संघात कोणकोण राखीव आहेत, हे मला प्रथमच समजले.

“मामा, करू का थोडं कमी?” भाच्याने विचारले.

मी नाही म्हणालो. तिसऱ्या क्वार्टरची अजून आठ मिनिटे शिल्लक होती.