क्रॉस वाकडा, स्क्रू एक कमी: तुमच्या एक स्टारवर आमचं उत्तर

दादा नमस्कार, बेळगावातनं दुकानाचा मालक बोलतोय. तुमचा रिव्ह्यू रात्री पोराने दाखवला, दोनदा वाचला. एक स्टार दिलासा त्याचं वाईट वाटलं, पण त्यातलं निम्मं खरं आहे, म्हणून लपवाछपवी न करता इथंच लिहितो, म्हणजे बाकीच्यांना पण कळू दे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आमच्याकडनं एअर रायफलवर बसवायची ३-९ ची (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण घेतलासा, फिटिंगचे दीडशे दिलासा, घरी जाऊन बघताय तर आतला नेम धरायचा क्रॉस डावीकडं कललेला, १० मीटरवर छर्रा दोन इंच उजवीकडं जातोय, दुर्बीण धरून ठेवणाऱ्या मागच्या रिंगला एक स्क्रूच नाही, परत आणली तर दुकानातल्या पोराने हाताने पिळून आणखी वाकडी केली, वर परत दीडशे मागितले आणि कानडीत काहीतरी पुटपुटला. शेवटी, 'माल डुप्लिकेट आहे.'

आधी चूक कबूल करतो. स्क्रू आमच्याकडनंच राहिला. त्या शनिवारी दुकानात गर्दी होती, मी लग्नाला कोल्हापूरला, आणि पोराने तीन स्क्रूवर भागवलं. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून बघितला तर मागच्या रिंगची एका बाजूची फट पूर्ण बंद झालेली आणि दुसऱ्या बाजूला पोस्टकार्ड घुसेल एवढी उघडी, ह्याच्यापेक्षा वेगळा पुरावा मला नको. रिंगचे स्क्रू एका बाजूचे आधी आवळले की दुर्बिणीची नळी त्या बाजूला गुंडाळून फिरते, आवळायच्या आधी क्रॉस सरळ असला तरी आवळून झाल्यावर तिरका. म्हणून थोडा इकडचा, थोडा समोरचा, परत इकडचा असं चौकटीच्या खाटेची दोरी ताणतात तसं कोपऱ्याकोपऱ्याने घ्यायचं असतं आणि दोन्ही बाजूच्या फटी सारख्या ठेवायच्या असतात. तीन स्क्रूवर ते होणारच नाही. आणि घट्ट म्हणजे हातोडीसारखं घट्ट नाही, वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पौंड (आवळायच्या जोराचं माप) बास होतं, जास्ती दिलं तर नळीवर रिंगचा वळ उठतो आणि मग तो वळ काही जात नाही.

दुसऱ्यांदा मागितलेले दीडशे चूकच, ते पहिल्या दीडशेसकट परत देतो.

आता कानडीचं. तो पोरगा बैलहोंगलकडचा, 'सरी आयतु' म्हणाला असेल, म्हणजे 'झालं बरोबर'. शिवी नाही दिली ओ. बरोबर झालं नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण त्यात सीमाप्रश्न आणू नका, आमच्या काउंटरवर दिवसभर दोन्ही भाषा चालतात आणि हिशोब हिंदीत होतो.

डुप्लिकेटवर मात्र मी अडणार. क्रॉस तिरका दिसला म्हणजे माल खोटा असं नसतं, तिरकेपणा चार ठिकाणनं येतो आणि कुठनं आलाय ते डोळ्याने कळत नाही. तुमचा दुसरा फोटो, दुर्बिणीतनं काढलेला, मागे खिडकीचे गज दिसतायत आणि क्रॉस गजांना तिरका, तो बघून कुणीही म्हणेल वाकडाच आहे. पण खाली बघा, रायफल तांदळाच्या पोत्यावर ठेवलीय आणि पोतं एका बाजूला बसलंय. रायफलच कलली असेल तर क्रॉस कलणारच की. त्या फोटोवरनं माझी चूक पण सिद्ध होत नाही आणि माझं बरोबर पण.

रेजिमेंटमधनं रिटायर झालेले एक सुभेदार काका आमच्याकडं संध्याकाळी चहाला येतात, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर इथंच कॅम्पात असल्याने असे दोन-चार जण येतातच. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली ती अशी की दस्ता खांद्यात घेतला की माणूस गाल टेकवायला मान वाकवतो आणि नकळत रायफल स्वतःकडं कलते, आणि मग सरळ लावलेला क्रॉस पण वाकडा वाटतो. दुकानात येणाऱ्या 'क्रॉस वाकडा' मधले कितीतरी असेच निघतात. गिऱ्हाईकाला ते सांगितलं की त्याला वाटतं हा आपलं टाळूलाय. म्हणून मी आता सांगत नाही, दाखवतो.

दाखवायचं कसं, तर गवंड्याचा ओळंबा. आमच्या दुकानाच्या मागच्या दाराला तो कायम लटकवलेला असतो, लोक विचारतात बांधकाम चालू हाय काय. तुम्ही घरी पण करू शकता, जाड सुतळीला एक मोठा नट बांधायचा, बांधावरच्या झाडाला २५ मीटरवर लटकवायचा, वारा नसलेल्या वेळी, म्हणजे सकाळी सातच्या आत. रायफल रिकामी, छर्रा भरताना वाकवतो तशी रायफलची नळी वाकवून दोनदा बघायचं छर्रा नाही म्हणून, सुतळीकडं तोंड करतानाच सुतळीच्या मागे कुणी माणूस जनावर नको, आणि मग ती रेतीच्या पिशव्यांत अशी बसवायची की हलणार नाही. रायफल सरळ आहे का ते रेलवर, म्हणजे रिंग बसतात त्या पट्टीवर, छोटी स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून बघायचं. दुर्बिणीच्या वरच्या नॉबच्या टोपीवर ठेवून नव्हे, टोपी आणि क्रॉस एका रेषेत असतीलच असं काही नाही. मोबाईलचं लेव्हल अ‍ॅप चालतं म्हणणारे आहेत, मोबाईलला कव्हर असेल तर मला तरी पटत नाही.

मग क्रॉसची उभी तार सुतळीवर ठेवायची. तिरकी दिसली तर नळी रिंगमध्ये फिरलीय, स्क्रू सैल करून सरळ करता येतं. सरळ दिसली तर खरी परीक्षा पुढं. वरचा नॉब, नेम वर-खाली करायचा तो, मोजून १०० क्लिक फिरवायचा, रायफलला धक्का न लावता, आणि आतनं बघत राहायचं. पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, एका क्लिकला त्याचा पाव सरकणारी) दुर्बीण २५ मीटरवर १०० क्लिकला साधारण १८ सेंटीमीटर सरकते, आणि क्रॉसचा मधला ठिपका सुतळीवरनंच चालत गेला पाहिजे. वाटेत सुतळी सोडून बाजूला गेला तर समजायचं की क्रॉस आणि नॉब आतच एकमेकांशी जुळत नाहीत, तो कंपनीचा दोष, आणि त्याला रिंग कितीही फिरवून उपयोग नाही कारण एक सरळ केलं की दुसरं वाकडं होतं. तसं निघालं तर मी दुर्बीण बदलून देतो, बिल नसलं तरी देतो.

आता दोन इंच उजवीकडं. हे मात्र क्रॉसवर ढकलू नका. १० मीटरवर पाव एमओएची एक क्लिक म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर, दोन इंच म्हणजे पाच सेंटीमीटर, भागून बघा, सत्तर क्लिक होतात. तुम्ही लिहिलंय 'पाच-सहा क्लिक फिरवून बघितले, काहीच फरक नाही'. पाच-सहा क्लिकला चार मिलिमीटर, म्हणजे एका छर्र्याच्या भोकाएवढं, तेवढा फरक तर तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या छर्र्यातच असणार. बाजूचा नॉब नीट मोजून सत्तर फिरवा, पाच छर्रे मारा, मग बोला.

क्रॉसच्या तिरकेपणाचा त्रास लांबवर होतो. समजा २५ ला नेम बसवलाय आणि ५० मीटरवर करवंटी मारायला २० सेंटीमीटर वर धरायचं आहे, क्रॉस तीन अंश तिरका असेल तर छर्रा साधारण एक सेंटीमीटर बाजूला जातो. जवळ बसवलेल्या नेमावर तो दिसत पण नाही. आमच्याकडं १० मीटरची कार्ड मारणारी पोरं येतात, त्यांना मी सांगतो, वर्षभर वाकडा क्रॉस ठेवलात तरी मार्क कमी येणार नाहीत, डोकं मात्र दुखेल.

आणखी एक गोष्ट, तुमची रायफल स्प्रिंगवाली आहे, आमच्याकडनं घेतलेली नाही. स्प्रिंगचा धक्का मागे बसतो आणि लगेच पुढं पण, साधी दुर्बीण मागच्या धक्क्यालाच बनवलेली असते. शंभर-दोनशे छर्र्यांनंतर क्रॉस कधी डावीकडं कधी उजवीकडं असा जागा बदलताना दिसला तर आतली क्रॉसची जाळीच सुटलीय समजायचं. तसं असलं तर ती रिंगची चूक नाही, आणि मग तुम्हाला स्प्रिंगला चालणारी दुर्बीण घ्यावी लागेल, ती महाग आहे, हे मी त्यावेळी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. तेही माझ्या खात्यात लिहा. रेलवर मागे सरकू नये म्हणून स्टॉप पिन पण लागते, तुमच्या फोटोत ती दिसत नाही, मी फुकट देतो.

उद्यमबागेतल्या मशीन शॉपवाल्या एका मित्राकडनं फीलर गेजचा (फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा) सेट आणून ठेवलाय. दुर्बिणीच्या नॉबखालचा सपाट भाग आणि रेल ह्यांच्या मधे पात्या सारून दोन्ही समांतर करायचं, डोळ्याने अंदाज घ्यायचाच नाही. पोराला शिकवलंय, पहिल्या दिवशी त्याने दोन तास लावले, आता वीस मिनिटात होतं. घरी पत्त्यांच्या गड्डीने पण जमतं, जुनी गड्डी नको तेवढी, कोपरे फुगलेले असतात.

तुम्ही खानापूरकडनं येणार, तर रविवारी सकाळी या, गर्दी नसते, मी स्वतः बसतो. ओळंब्यासमोर तुम्हीच डोळा लावून बघा, मग ठरवू नळी फिरलीय की आतलं बिघडलंय. येताना रायफल कव्हरमध्ये घालून आणा, मागच्या वेळी नुसती खांद्याला अडकवून गाडीवरनं चन्नम्मा सर्कलमधनं आलासा म्हणे, पोलीस थांबवतील हो.

स्क्रू सापडलाय, काउंटरखालच्या मॅटखाली होता, तुमच्या नावाने डबीत ठेवलाय.