बारा नव्हे, तेरा गावचे पाणी

आज सायंकाळी भाच्याच्या बास्केटबॉल शिबिराच्या समारोपासाठी कुडाळला गेलो होतो. घरी परतल्यापासून डोक्यातला राग काही केल्या उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. मुलांनी आपापल्या आवडत्या खेळाडूविषयी दोन वाक्ये बोलायची होती. लेब्रॉन, करी ही नावे अपेक्षेप्रमाणे येऊन गेली. माझ्या भाच्याने इश स्मिथचे नाव घेतले आणि एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, १३ संघांकडून खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर असल्याचे सांगितले. त्यावर प्रमुख पाहुण्यांनी माईक ओढून घेतला. "तेरा संघांनी हाकललेला माणूस तुला आवडतो? अरे बाळा, बारा गावचे पाणी प्यायलेल्याचा आदर्श ठेवू नये." सभागृह खदाखदा हसले आणि पोरगा मान खाली घालून जागेवर येऊन बसला.

"हाकललेला" हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, माझ्या मामाच्या संदर्भात. मामा दशावतारात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यात, राजपार्टी म्हणजे राजाची भूमिका करायचा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तो एका नाटक कंपनीच्या पेटाऱ्याबरोबर निघायचा आणि पुढच्या कार्तिकात दुसऱ्याच. गावात लोक म्हणत, "हो खयच टिकणा नाय." आईला ते फार लागायचे.

एका वर्षीच्या आमच्या जत्रेची रात्र मला अजून दिसते. कंपनीचा राजपार्टी तापाने फणफणला होता आणि मालकाने मोटारसायकलवरून माणूस पाठवून मामाला बोलावून घेतले. मामा आला तेव्हा सुरुवातीच्या भागातला संकासूर रंगमंचावर पोरांना घाबरवत होता, म्हणजे आख्यान, म्हणजे मुख्य कथानक, सुरू व्हायला फारसा अवकाश नव्हता. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. संवाद नटाने जागेवर रचायचे असतात, हे तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. मामाने तोंडाला रंग लावता लावता तीनच प्रश्न विचारले. "आख्यान खयचा? माझो वैरी कोण? आणि शेवटाक मी मरतंय काय जगतंय?" एवढे ऐकून घेतले आणि तो रंगमंचावर गेला.

आता इश स्मिथचे ऐका. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, ६० जणांची नावे पुकारली गेली, त्यांत याचे नाव नव्हते. उंची सहा फूट, म्हणजे त्या खेळात ठेंगणाच. ह्यूस्टनच्या संघाने घेतले, आणि पुढच्याच वर्षी मेम्फिसला देऊन टाकले. तिथून गोल्डन स्टेट, ओरलँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा सिटी असा प्रवास झाला. तिकडे खेळाडूचा करारच एक संघ दुसऱ्याच्या हवाली करतो आणि बहुतेकांना त्यात होकार-नकार विचारला जात नाही. माझा मामा निदान स्वतःच्या पायांनी कंपनी सोडायचा! २०१५ च्या २४ डिसेंबरला फिलाडेल्फियाने त्याला न्यू ऑर्लिन्सकडून घेतले, तेव्हा त्या संघाने ३१ सामन्यांपैकी एकच जिंकला होता. दोन दिवसांनी फिनिक्सविरुद्ध ते दुसरा सामना जिंकले. पुढे सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही, कारण ८२ सामन्यांचा तो हंगाम त्यांनी दहाच विजयांवर संपवला. पण आजारी राजपार्टीच्या जागी मोटारसायकलवरून कोणाला आणायचे, हे त्यांना कळले होते आणि माझ्या दृष्टीने मुद्दा तेवढाच आहे. पॉइंट गार्डला, म्हणजे संघाची चाल रचणाऱ्या याच्यासारख्या खेळाडूला, तर सहकारी कुठे चेंडू मागतो, कोणत्या हाताने मागतो, प्रशिक्षकाच्या कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे सारे शिकून घ्यावे लागते, आणि ते याने १३ ठिकाणी नव्याने शिकले. ज्या पाहुण्यांना एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात बदली झाली तरी चार ठिकाणी शब्द टाकावेसे वाटतात, त्यांनी या माणसाला हसावे?

मान्य आहे, तो महान खेळाडू नव्हता. लांबून नेम धरणे त्याला कधी नीट जमले नाही. त्याला जो पैसा मिळाला त्याची मामाच्या एका नाइटच्या मानधनाशी तुलना करणे हा शुद्ध वेडेपणा आहे, हेही मान्य. आणि मामाने एक कंपनी निव्वळ जेवणावरून भांडून सोडली होती, तेही लपवत नाही.

परंतु पाहुण्यांच्या म्हणीचेच बोलायचे तर याआधीचा विक्रम बरोबर बारा संघांचा होता. तो ज्यांच्या नावावर होता त्यांत ‘जो स्मिथ’ नावाचा खेळाडू आहे, १९९५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला! पहिल्या नंबराचाही बारा गावचे पाणी प्यायला आणि ज्याचे नावच पुकारले नव्हते तो तेराव्या गावी पोहोचला. हे तेरावे गाव म्हणजे डेन्व्हर. २०२३ मध्ये डेन्व्हरने मायामीला हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा हा त्या संघात होता. अंतिम मालिकेत बहुतेक वेळ तो बाकावरच होता, पण विजेत्यांची अंगठी त्यालाही मिळाली.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे आणि त्याच्या जागी लाज आली आहे. कारण पाहुण्यांचे भाषण संपल्यावर मीही टाळ्या वाजवल्या. सवयीने हात वर गेले. उठून बोलायला हवे होते, ते बोललो नाही. आणि आता फेसबुकवर शूर होतो आहे.

परतताना गाडीत मी भाच्याला मामाची ती जत्रेची रात्र सांगितली. तीन प्रश्न त्याला इतके आवडले की पिंगुळी येईपर्यंत तो ते मालवणीत घोकत होता. मग त्याने विचारले, "मामा, पण मग त्या रात्री आजोबा शेवटी मेले की जगले?"

मला सांगता आले नाही. वैऱ्याशी युद्ध सुरू होण्यापूर्वीच मी आईच्या मांडीवर झोपी गेलो होतो, आणि विचारायला आता मामाही नाही.