‘थिनर मारून फसवलं’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा. एक स्टार दिलात, तो तसाच राहू दे. ‘थिनर मारून पातळ केलं, चिऱ्याच्या आत काही गेलंच नाही, पहिल्या झडीला भिंत परत पाझरली’ असं तुम्ही जांभ्याच्या भिंतीला आम्ही मारलेल्या वॉटरप्रूफिंगच्या औषधाबद्दल लिहिलंय. पातळ मुद्दाम केलं होतं, घट्ट असतं तर एवढंही शिरलं नसतं. बाकीचं मात्र खरं आहे.

परवा खानापूरला येऊन तुमच्यासमोरच जांभ्याचा कोपरा फोडला. तुटल्या बाजूवर पाणी सोडलं, तर कडेच्या दोन मिलिमीटरवर थेंब मोत्यासारखा उभा, जरा आत सरकवला की गडप. औषध कातडीतच अडकलं होतं.

जांभ्याला बोट जाईल एवढी भोकं, त्यामुळं वाटतं गटागटा पिईल. पण भोकांमधला दगड लोहाचा नि चिकणमातीचा, त्याची छिद्रं डोळ्याला दिसत नाहीत. आमचं औषध म्हणजे थिनरमध्ये विरघळवलेलं पॉलिमर. त्याचा रेणू म्हणजे लांब दोरा, द्रावणात गुंता होऊन फिरतो. थिनर बारीक छिद्रातनं पुढं पळतो, गुंता तोंडाशी अडतो. जो शिरतो तो दगडाला दहा ठिकाणी चिकटतो. एक टाका सुटला तरी नऊ धरून असतात, मागून कितीही थिनर सोडा. तेल रेटायला तेलाच्या विहिरीत पॉलिमरचं पाणी सोडतात तेव्हासुद्धा एक ग्रॅम खडक किती मायक्रोग्रॅम पॉलिमर अडवून ठेवतोय ते आधी तपासतात. आम्ही तुमचा एक चिरासुद्धा तपासला नाही. चूक आमची.

शिवाय पोरांनी मे महिन्यात भर दुपारी, तापल्या भिंतीवर औषधाचे दोन्ही हात लागोपाठ मारले. पहिल्या हातानं छिद्रांची तोंडं आवळली, आणि थिनर उडताना आतलं औषधही बाहेर ओढत आला. ‘काय चकाकी आलीय बघा’ म्हणून फोटो मीच टाकला होता की! तेव्हाच कळायला हवं होतं.

आता त्यावर तिसरा हात मारू नका, कुणी सांगितलं तरी. दिवाळीनंतर भिंत वाळली की वरची कातडी आम्ही काढतो, आणि एकाच चिऱ्यावर सिलेन नावाचं पाणी झटकणारं दुसरं औषध लावून बघू. त्याचा रेणू लहान, आत जाऊन मग जोडला जातो. खालच्या दोन थरांची ओल जमिनीतनं चढतेय, ती यानं जाणार नाही, हे आत्ताच सांगतो.

तो चिरा तुम्हीच फोडा, तुम्हीच पाणी सोडा. पटलं तर पुढचं काम फुकट, नाही तर घेतलेले पैसे परत.