पालीचं अंदाजपत्रक

"जावईबापू पालीसाठी बंगला बांधतायत!"

परवा सासऱ्यांनी सांगलीला फोन लावून ही बातमी दिली. स्पीकरवर. मी समोरच बसलेलो. एरवी त्या फोनचा निम्मा वेळ "आवाज येतोय का?" यातच जातो, पण पलीकडचं खिदळणं मात्र डॅलसपर्यंत अगदी स्वच्छ पोचलं.

पाल म्हणजे डे गेको. मूळची उत्तर मादागास्करची, पोपटी रंगाची, पाठीवर लाल ठिपके, वीतभराहून लांब. दिवसा हिंडते, रात्री झोपते. तिच्यासाठी ४५ बाय ४५ बाय ६० सेंटीमीटरची उभी काचपेटी आणि आत खरीखुरी झाडं, एवढाच माझा बेत होता.

पण सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले.

"निचरा कुठंय?"

मी तळातल्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या दाखवल्या. त्यावर जाळी, जाळीवर माती. फवारलेलं जादा पाणी खाली उतरतं, मुळं कुजत नाहीत.

"आणि सांडवा?"

"बाबा, सांडवा नसतो. पाणी फार साचलं तर नळीनं ओढून काढायचं."

"म्हणजे उपसा." त्यांनी वहीत लिहिलं. वही माझीच, तिच्यावर आता 'मोजमाप पुस्तक' असं लिहिलेलं आहे. "मातीत हे काय वळवळतंय?"

"स्प्रिंगटेल्स, बारीक किडे. पालीची घाण, बुरशी वगैरे खातात."

"अच्छा, प्रकल्पग्रस्त."

मग दिव्याची पाळी आली. या पालीला अतिनील किरण लागतात आणि साधी काच ते अडवते, म्हणून दिवा वर, जाळीच्या झाकणावर. सासऱ्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "टेक्ससमध्ये उन्हाला तोटा आहे का? खिडकीत ठेवा पेटी."

"काचेतून ते किरण येत नाहीत, बाबा. आणि पेटी तापून पाल उकडून निघेल."

"मग काच काढा."

यावर काय बोलणार? झाडांकडे वळलो. ब्रोमेलियाड त्यांनी माफ केलं. सान्सेव्हिएरियाची उभी गुळगुळीत पानं या पालींना बसायला आवडतात, तेही चाललं. मनीप्लांटची पावती पाहिल्यावर मात्र ते खुर्चीतून उठले. "हा आमच्या संडासाच्या खिडकीत दारूच्या बाटलीत वाढतो! फुकट!" (बाटली कुणाची, हे सासूबाईंनी विचारलं. तो विषय अजून मिटलेला नाही.)

"बरं, ती पाल हातात घेता येते?"

"नाही. कातडी फार नाजूक असते. धरली तर फाटते."

"हाक मारली तर बघते?"

"पापण्या नाहीत, त्यामुळे बघतच असते. डोळे जिभेनं चाटून साफ करते."

"खाते काय?"

"फळांची पूड पाण्यात कालवून. शिवाय रातकिडे."

"तेही विकत?"

तेही विकत. लिहून घेतलं त्यांनी.

आता माझं जरा ऐका. शेजारचा गृहस्थ दर शनिवारी एक पांढरा चेंडू हरवायला जातो, त्यासाठी वर्षाची वर्गणी भरतो, त्याला सासरे 'हौशी माणूस' म्हणतात. बायकोच्या मावसभावानं पुण्यात गाडी घेतली, ती पार्किंगच्या बाहेर पडत नाही, तो 'कर्तबगार'. मी चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या पैशानं एक पेटी घेतली तर पहिला प्रश्न, "मुलांच्या शाळेचं प्रोजेक्ट का?" मराठी पुरुषानं हौस करायची तर ती एकतर महाग दिसली पाहिजे नाहीतर पैसे वाचवणारी हवी. नुसतं बघत बसायला आवडतं, हे कारण आमच्याकडे कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि हो, हे मला लागलं. हसतोय, पण लागलं.

सध्याचा वाद वेगळा आहे. झाडांची मुळं धरायला निदान महिनाभर पेटी रिकामी ठेवायची, पाल त्यानंतर आणायची. सासऱ्यांचं परतीचं विमान त्याआधी आहे. "लाभार्थीच जागेवर नाही तर पूर्णत्वाचा दाखला कसा देऊ?" म्हणाले. आणि काल रात्री गॅरेजपाशी उभे राहून त्यांनी मला हाक मारली. दिव्याखाली एक फिकट पाल किडे टिपत होती. मूळची भूमध्य समुद्राकडची, टेक्ससमध्ये घरोघरी भिंतीवर दिसते, आणि पक्की निशाचर.

"हिलाच टाका की आत. हिरवा रंग काय, आपण देऊ."

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "रातकिड्यांचे पैसे तरी वाचतील."