‘मुराताचं जरा जास्तच कौतुक झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुराता या क्योटोतल्या जपानी कंपनीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत की तिला दोन ओळींत वाटेला लावणं बरं दिसलं नसतं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: सिरॅमिक कपॅसिटरचं (विद्युतभार साठवणाऱ्या इवल्याशा भागाचं) मूळ काम अमेरिकेत झालं, क्योटोतल्या मंडळींनी ते फक्त उचललं, पुढची भरभराट नशिबाची, आधी रेडिओची लाट आली आणि मग मोबाइलची, आणि तिसरा, जरा तिखट, की वाळूच्या कणाएवढ्या कवडीमोल वस्तूचे एवढे गोडवे कशाला?

उचलण्याचं आधी घेऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी चांगला कपॅसिटर म्हणजे अभ्रकाचा, आणि उत्तम अभ्रक मुख्यतः भारतातल्या खाणींतून जाई. युद्धात तो पुरवठा धोक्यात आला तेव्हा सगळीकडेच पर्याय शोधायला सुरुवात झाली. बेरियम टायटॅनेट हा पदार्थ त्या गडबडीत अमेरिका, रशिया आणि जपान अशा तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे हाती लागला. एकाने शोधलं आणि दुसऱ्याने चोरलं, अशी ती गोष्टच नाही. अकिरा मुराता यांनी ऑक्टोबर १९४४मध्ये क्योटोत छोटा कारखाना काढला, तो टायटॅनियम ऑक्साइडचे कपॅसिटर करायला. बेरियम टायटॅनेटकडे ते वळले युद्धानंतर, क्योटो विद्यापीठातल्या तेत्सुरो तानाका यांच्या साथीने. टायटॅनियम ऑक्साइडचा पराविद्युतांक, म्हणजे विद्युतभार साठवायला पदार्थ किती मदत करतो त्याचं माप, शंभराच्या आसपास, बेरियम टायटॅनेटचा हजाराच्या वर. म्हणजे तेवढ्याच जागेत दहापट विद्युतभार मावणार.

हां, एक तुमच्या बाजूने. सिरॅमिकचं पातळ पत्र्यासारखं ओतकाम करायची पद्धत अमेरिकन. ग्लेन हॉवट यांचं त्यावरचं पेटंट १९५२चं आहे. ते नाकारायचं कारणच नाही. पण ज्या अमेरिकन एरी कंपनीचं सिरॅमिक कपॅसिटरमध्ये तेव्हा मोठं नाव होतं, तीच १९८०च्या सुमारास मुरातानं विकत घेतली. पद्धत दोघांनाही ठाऊक होती, मग ही उलटापालट कशी झाली?

ती समजायला वडिलांपासून सुरुवात करावी लागेल. अकिरांच्या वडिलांची मातीकामाची भट्टी होती, विजेच्या तारांसाठी इन्सुलेटर करणारी. पोरगा नवी गिऱ्हाइकं शोधत फिरू लागला तेव्हा ते म्हणाले, दुसऱ्याचं काम ओढायचं तर भाव पाडावा लागतो आणि त्यात आपल्याच व्यवसायबंधूंचं नुकसान. त्यापेक्षा दुसरं कुणी करत नाही ते कर. कंपनीच्या इतिहासात ही गोष्ट हटकून येते. घरच्या आठवणींवर चढते तेवढी झिलई हिच्यावरही चढली असेल, पण पुढचं वागणं मात्र तिला धरून आहे.

आता नशिबाचं. रेडिओची लाट सगळ्यांच्याच दारी आली होती. कोण टिकलं हे मला तरी निकेलच्या प्रकरणातून नीट कळतं, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

बहुस्तरीय कपॅसिटर होतो तो असा: सिरॅमिकची भुकटी चिकट मिश्रणात कालवून तिचा पातळ थर ओढायचा, त्यावर धातूच्या पेस्टने जाळीतून चौकटी छापायच्या, असे शेकडो थर एकावर एक रचून दाबायचे, बारीक तुकडे कापायचे आणि भट्टीत घालायचे. थराची जाडी निम्मी केली तर प्रत्येक थराची धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) दुप्पट होते आणि तेवढ्याच उंचीत थरही दुप्पट बसतात, म्हणजे एकूण चौपट. सगळी शर्यत त्या जाडीची आहे. आज ती एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, खाली गेली आहे.

अडचण भट्टीत येते. सिरॅमिक साधारण १,३०० अंशांना पक्कं होतं आणि धातू आतच असतो. चांदी ९६२ अंशांना वितळते, म्हणून पॅलेडियम वापरायचे, आणि ते महाग. निकेल स्वस्त, वितळतं १,४५५ला, पण हवेत भाजलं की त्याचं ऑक्साइड होतं. बरं, भट्टीतला ऑक्सिजन काढून घ्यावा, तर बेरियम टायटॅनेटमधलाच ऑक्सिजन निघून जातो आणि ते वीज वाहून न्यायला लागतं. कपॅसिटरच्या ठिकाणी वीज गळणारा तुकडा तयार. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात निकेलचे प्रयोग झाले होते. मुरातातल्या युकिओ साकाबे आणि सहकाऱ्यांनी भुकटीत कॅल्शियम घालून आणि घटकांचं प्रमाण किंचित हलवून असं सिरॅमिक केलं, की ते ऑक्सिजनविना भाजूनही विद्युतरोधकच राहतं, वीज वाहू देत नाही. त्यांचा शोधनिबंध १९८१चा.

त्याची खरी किंमत पुढे कळली. १९९०च्या दशकाच्या मध्यात पॅलेडियम औंसाला दीडशे डॉलरच्या आसपास होतं. मोटारींच्या धुरावरच्या नियमांनी मागणी वाढली, रशियाचा पुरवठा बेभरवशाचा झाला आणि जानेवारी २००१मध्ये भाव हजार डॉलरच्या वर गेला. ज्यांच्या भट्ट्या तोवर निकेलवर आल्या होत्या त्यांना धाप लागली नाही. याला तुम्ही नशीब म्हणा. वीस वर्षं आधी भुकटीत हात घालून बसलेल्या माणसांचं नशीब, इतकंच मी म्हणेन.

‘कवडीमोल’ हा शब्द तर बरोबरच आहे. एकेकटा कपॅसिटर अगदी स्वस्त असतो. पण एका स्मार्टफोनमध्ये हे सुमारे हजार लागतात, मोटारीत काही हजार, आणि त्यातला एक जरी शॉर्ट झाला तरी आख्खा सर्किट बोर्ड बंद पडू शकतो. बोर्ड वाकला की याच्या टोकापाशी तिरपी चीर जाते, बाहेरून दिसतही नाही. कंपनीच्या सांगण्यानुसार जगातले सुमारे ४० टक्के असे कपॅसिटर तिचे आहेत. सगळ्यात लहान नेहमीचे ०.४ बाय ०.२ मिलिमीटरचे, त्याहूनही छोटे आता निघालेत. ते बोर्डावर बसवणाऱ्यांच्या डोळ्यांची मला काळजी वाटते, यंत्रं बसवतात हे माहीत असूनही.

कौतुक जिथे आवरायला हवं ती जागा वेगळी आहे. या जातीच्या कपॅसिटरची धारिता कागदावर दिलेली असते, पण त्यावर व्होल्टेज लावलं की ती घसरते, लहान आकारात निम्म्याहूनही खाली. डेटाशीटमधला, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकातला, तो आलेख न बघता सर्किट केलं तर गोत्यात यायला होतं. दुसरं, २०१८च्या कपॅसिटरच्या टंचाईत मोठ्या आकाराचे जुने भाग मागे पडले आणि लहान गिऱ्हाइकं ताटकळली. आणि २०१७मध्ये सोनीकडून घेतलेल्या बॅटरीच्या धंद्यात मुराताला तोटा सोसावा लागला. तिथे त्यांच्या भट्टीचं ज्ञान फारसं उपयोगी पडणारं नव्हतंच.

शेवटी तुम्ही विचारलंत, भुकटीचं गुपित एवढं पक्कं होतं तर कोरियन कंपनी कशी घुसली? सॅमसंग इलेक्ट्रो-मेकॅनिक्स १९८८पासून हे कपॅसिटर करते आणि आज मुराताची मोठी प्रतिस्पर्धी आहे. तीही बाहेरची भुकटी आणून थर रचत बसली नाही. मूळ कच्चा माल तिनेही स्वतःच विकसित करायला घेतला.