पस्तीस डॉलर आणि निळ्या टेपची काठी

आज सकाळपासून डोकं फिरलंय. इथे लिहून टाकते, नाहीतर दिवसभर घरच्यांवर निघेल.

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या, लॅक्रोस क्लबचा (जाळीच्या काठीनं बॉल झेलायचा-फेकायचा तो खेळ) ईमेल आला. बालवाडी ते दुसरीच्या मुलांसाठी एप्रिल-मेमध्ये सहा शनिवार जो फुकट वर्ग चालतो, ज्यात मी गेली तीन वर्षं मदतनीस म्हणून राबतेय, त्याला पुढच्या सीझनपासून ३५ डॉलर फी. का, तर म्हणे पैसे भरले की पालक गांभीर्यानं घेतात. मी वैतागून हे इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, तर आपल्याच एका मित्राचं उत्तर आलं, "बरोबरच आहे ना, फुकटची किंमत नसते लोकांना." त्याखाली चार अंगठे.

अंगठेवाल्यांनो, तुम्ही हेही वाचणार, ठाऊक आहे मला.

गांभीर्य! सहा वर्षांच्या पोराला कसलं गांभीर्य हवंय? त्याला शनिवारी सकाळी गवतात लोळायचं असतं आणि हातात एक लांब दांडा हवा असतो. दांड्याच्या टोकाला जाळी, जाळीत बॉल, बॉल पडू न देता पळायचं. या वयाला एवढंच लॅक्रोस. बॉलही मऊ असतो, मोठ्यांचा तो भरीव रबरी दगड नव्हे. म्हणून हेल्मेट नको, पॅड नकोत, काही नको.

मला हा खेळ कसा कळला, ते सांगते. काहींना माहीत आहे, परत ऐका.

पाच वर्षांपूर्वी आम्ही मेरीलँडला आलो आणि तीन महिन्यांत नवऱ्याची नोकरी गेली. एच-वन या नोकरीच्या व्हिसावाल्यांना ६० दिवसांचं घड्याळ काय असतं ते सांगायला नको: तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर देश सोडा. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, कामाची परवानगी नाही. घरात दोघं दिवसभर लॅपटॉपला चिकटलेले, आणि सहा वर्षांची लेक विचारतेय, "आपण परत जाणार का?" एका शनिवारी तिला घेऊन बागेत गेले, कारण झोपाळ्याला पैसे लागत नाहीत. शेजारच्या मैदानावर पोरांचा हा गोंधळ चाललेला. लेक झोपाळा सोडून तारेच्या कुंपणाला नाक लावून उभी राहिली. मी दोनदा म्हटलं, "चल, ते आपल्यासाठी नाही." खरंच असं म्हणाले मी. आजही आठवलं की लाज वाटते.

आतून एक म्हातारे कोच आले. नाव विचारलं नाही, फॉर्म विचारला नाही, कुठल्या शाळेत जाते विचारलं नाही. एक छोटी काठी तिच्यापुढे धरली. दांड्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली, जाळीची एक दोरी तुटून गाठ मारलेली. म्हणाले, "बॉल पडला तरी चालतो. सगळ्यांचा पडतो." झालं. आमची बया आत.

आता सांगा, त्या दिवशी तिथे ३५ डॉलरचं फळकूट असतं, तर मी ते भरले असते? त्या महिन्यात मी दुधाचा ब्रँड बदलला होता.

बरं, मान्य करते. फुकट म्हटलं की चाळीस नावं येतात आणि मैदानावर पंचवीस पोरं. आपल्यातही "फुकट ते पौष्टिक" म्हणून नाव घालून ठेवणारे आणि मग शनिवारी झोपून राहणारे महाभाग आहेत. मैदानाचं भाडं लागतं, विम्याचे पैसे लागतात, काठ्या मोडतात. हे सगळं खरं. पण न आलेल्या पंधरांचा राग आलेल्या पंचवीसांवर काढायचा? हा कुठला हिशोब?

आणि मोठ्या मुलांकडे बघा. मुलग्याचं हेल्मेट, ग्लोव्ह्ज, खांद्याचे-कोपराचे पॅड आणि काठी मिळून तीन-चारशे डॉलर सहज जातात. मुलींना गॉगल, माउथगार्ड आणि काठीवर भागतं, तरी फी आहेच. वर दर वीकेंडला कुठल्या कुठे टूर्नामेंट, हॉटेलं. म्हणजे पुढे सगळा रस्ता टोलचाच. दारातलं एक पाऊल फुकट होतं, तिथेही नाका बसवायचा. मग हेच लोक मीटिंगमध्ये कपाळाला आठ्या घालून विचारणार, "आपल्याकडे सगळ्या प्रकारची मुलं का येत नाहीत?" अरे, नाका काढा, येतील!

२००४ पासून लॅक्रोस हा मेरीलँडचा अधिकृत सांघिक खेळ आहे. (त्याआधी, १९६२ पासून, अधिकृत खेळ कुठला? घोड्यावरून दौडत भाल्यानं टांगलेल्या कड्या टिपणं. तो अजूनही आहे. निदान घोडा तरी आणायला सांगत नाहीत, नशीब.) राज्याचा खेळ म्हणता आणि राज्यातल्या पोराला काठी हातात धरायचे पैसे?

मुळात खेळ कुणाचा? होदिनोशोनी या उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांचा, ज्यांना फ्रेंचांनी इरोक्वॉय म्हटलं. ते याला औषध मानतात. आजारी माणसासाठी, गावावरच्या संकटासाठी खेळ मांडतात. मला हे त्या म्हाताऱ्या कोचनीच सांगितलं, पोरांना पाणी पाजता पाजता. २०१० मध्ये होदिनोशोनींचा संघ मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला जाऊच शकला नाही, कारण ते स्वतःच्या पासपोर्टवर जाणार म्हणाले आणि ब्रिटननं तो पासपोर्ट मानला नाही. ज्यांचा खेळ, तेच दाराबाहेर. हे ऐकलं तेव्हा आमचा व्हिसा कसाबसा सुटून वर्ष झालं होतं. मी पाण्याची बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये हा खेळ ऑलिंपिकला परत येतोय, पदकासाठी १९०८ नंतर पहिल्यांदाच. बघालच, तेव्हा सगळ्यांना आपापली पोरं घालायची असतील.

इचलकरंजीत आमच्या गल्लीच्या मागे मंडळाचं मैदान होतं. संध्याकाळी कबड्डी नाहीतर खो-खो. शिकवणारे अण्णा यंत्रमागावरची पाळी संपवून यायचे, केसांत कापसाची तूस तशीच. आमच्याकडून त्यांनी कधी पै घेतली नाही. उशिरा आलं की मैदानाला पाच फेऱ्या, हीच फी. गांभीर्य कमी होतं का आमचं? गुडघ्यावरची खूण अजून आहे माझ्या.

असो. जरा शांत होते.

पहिल्या शनिवारी मुलांना बॉल जाळीत खेळवायला शिकवतात, त्याला क्रेडल म्हणतात. क्रेडल म्हणजे पाळणाच की! मी पोरांना सांगते, बाळ झोपलंय, जोजवा, उठवू नका. मागच्या वर्षी एक टिल्लू पोरगा काठी जोजवत खरंच अंगाई गुणगुणत होता, कुठल्या भाषेतली देव जाणे. मग जमिनीवरचा बॉल उचलणं. वाकायचं, मागचा हात पार खाली, आणि फावड्यानं वाळू उचलावी तसं बॉलखालून पळत जायचं. पोरं थांबून टोचत बसतात. पळता पळता पहिल्यांदा बॉल उचलला गेला की जे तोंड होतं ना त्यांचं, त्यासाठी मी शनिवारची झोप सोडते.

त्या पहिल्या दिवशी लेकीला एकदाही जमलं नाही. वर्ग संपल्यावर मी काठी परत द्यायला गेले, तर कोच म्हणाले, "घरी ने, पुढच्या शनिवारी आण." डिपॉझिट नाही, सही नाही. आठवडाभर तिनं गॅरेजच्या दारावर बॉल आपटून आपटून घरमालकाचे दोन फोन आणले. आणि त्या आठवड्यात "परत जाणार का" हे एकदाही विचारलं नाही.

पर्याय विचाराल तर माझ्याकडे अर्धेमुर्धेच आहेत. टूर्नामेंटवाल्या पालकांकडून दहा-दहा जास्त घ्या. मैदानावर वडापाव विकू, मी तळते. वापरलेल्या काठ्या गोळा करा, प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये दोन पडल्या आहेत. ३५ डॉलर परवडत नसतील त्यांनी अर्ज करावा, हे मात्र सांगू नका. त्या दिवशी कुंपणापाशी मी अर्ज केला नसता. "चल" म्हणून पोरीला ओढत नेलं असतं.

हे लिहीपर्यंत क्लबचं उत्तर आलं. "मुद्दे नोंदवले आहेत, मंगळवारच्या बैठकीत घेऊ."

मंगळवारी मी जाणार आहे. निळ्या टेपची काठी घेऊन. (मारायला नाही हो. नुसती टेबलावर ठेवणार.)