मारुती कांबळेचं काय झालं, ते आमच्याकडे विचारू नका

जुन्या सिनेमांबद्दल आणि मालिकांबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. ऑफिसात होतो तेव्हा डबा खाताना चारपाच जण ती मान डोलावत ऐकायचे, कारण त्यांचे वार्षिक अहवाल मी लिहायचो. निवृत्त झाल्यावर कळलं की घरातल्या कुणाचाच अहवाल माझ्या हातात नाही.

आता हे माझं एक मत घ्या. जुन्या लोकांना थांबायचं कळत होतं. रामानंद सागरांनी 1987 साली ‘रामायण’ सुरू केलं आणि वनवास, सीताहरण, लंकादहन, रावणवध, सगळं 78 भागांत आटोपलं. याउलट ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांवर भाग झाले. चार दिवसांना तीन हजार, म्हणजे दिवसाला साडेसातशे. या दराने चौदा वर्षांचा वनवास दाखवायला 38 लाखांच्या वर भाग लागले असते. हा हिशेब मी कागदावर मांडून बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून तो नीट वाचला आणि म्हणाली, “मग? बघितले असते की. तुम्हाला कुठे घाई आहे आता?”

आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीसमोर चार माणसं असतात. आई, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी. दिवाळीनंतर कोल्हापूरहून मामा येतात आणि थंडी ओसरेपर्यंत राहतात. मग पाच. लहानपणी शनिवारी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मराठी सिनेमा बघायला चाळीस माणसं बसायची आणि कुणी खोकलं तरी मालक वळून बघायचे. मध्येच पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची. आता ती पाटी दाखवायची गरज उरलेली नाही, ते काम आमच्या घरातल्यांनी वाटून घेतलं आहे.

आईचं खातं मृत्युनोंदीचं. पडद्यावर माणूस आला की “हा गेला.” नायिकेची आई आली, “ही तर कधीच गेली.” इथवर ठीक आहे, जुन्या सिनेमात हे व्हायचंच. पण आई उत्साहाच्या भरात हयात माणसांनाही घालवते. परवा तिने ज्याला घालवलं, तोच नट मधल्या जाहिरातीत गुडघ्याचं तेल विकताना दिसला. आई जराही विचलित झाली नाही. म्हणाली, “याचा भाऊ असेल. अगदी तस्सा दिसतो.”

बायकोचा आक्षेप काळ्या पट्ट्यांना. जुने सिनेमे चौकोनी असायचे, आताचे टीव्ही लांबोडके, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. तिचं म्हणणं, “पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत ना?” मग ती रिमोटवरचं कुठलंसं बटण दाबून चित्र भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणते. ‘सोंगाड्या’तली दादा कोंडक्यांची अर्धी चड्डी मुळातच ऐसपैस. आमच्याकडे तिच्यात एक कुटुंब राहू शकेल. तरातरा चालणारी माणसंही डुलत येतात. मी गुपचूप पट्ट्या परत आणतो, चहा घेऊन ती येते, आणि दादा पुन्हा पसरतात.

मुलीचा वेग दीडपट. तिची पिढी काहीच एकपट बघत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ तिने चालवून घेतला, कारण तो सिनेमा दीडपट करायची सोय सचिनने 1988 सालीच करून ठेवली आहे. पण तिला गोष्टच पटेना. चार पोरांना पुण्यात जागा मिळेना म्हणून दोघं लुगडी नेसतात? “बाबा, भाडेकराराला आधार लागतं. पोलिस व्हेरिफिकेशन असतं. पार्वती पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.” खरं आहे. भाड्याच्या जागेच्या रडगाण्यातून एवढा मोठा आनंद एका पिढीने काढला आणि दुसऱ्या पिढीने तो झेरॉक्स मागून संपवला.

आणि मामा. कोल्हापूरचा माणूस सिनेमा बघत नाही, सिनेमाच्या मागचं बघतो. नायक-नायिका पुढे काय करतायत याच्याशी मामांना देणंघेणं नसतं. “आरं, त्यो डोंगर बघ की! जोतिबाचा. त्याच्या पल्याड आमची आत्या दिलीया.” नायिका विहिरीत उडी मारते तेव्हा मामा विहीर ओळखतात. जयप्रभा स्टुडिओच्या आवारातलं झाड न् झाड त्यांना पाठ आहे. एका तमाशापटाच्या गर्दीत ते स्वतः आहेत. डावीकडून पाचवा फेटा. तो प्रसंग आला की सिनेमा थांबवावा लागतो, मागे न्यावा लागतो, पुन्हा थांबवावा लागतो, आणि बायकोने चित्र ताणलेलं असल्यामुळे पाचवा फेटा नेमका कडेबाहेर जातो. मग त्या दोघांचं जुंपतं. त्या वादात मी पट्ट्यांच्या बाजूने असतो, हे सांगायला नको.

‘प्रभात’ फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली आणि 1933 साली पुण्याला गेली, याचा मामांना अजून राग आहे. त्यांचा जन्म त्यानंतरचा. मी एकदा त्यांना सांगत होतो की शांतारामबापूंनी 1937 साली ‘कुंकू’ केला तेव्हा पार्श्वसंगीत घेतलंच नाही, नुसते घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज. शांता आपटे म्हाताऱ्या नवऱ्याकडे बघते आणि एकही व्हायोलिन रडत नाही. नाही तर आजच्या मालिका, सासूने भुवई उचलली की तीनदा वीज पडते. मामांनी शांतपणे विचारलं, “पिक्चर पुण्यात झाला न्हवं?”

“हो.”

“मग! काटकसर.”

तर अशा मंडळींना घेऊन मी ‘सामना’ बघायचं ठरवलं. तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. निळू फुल्यांचा हिंदुराव पाटील म्हणजे सहकारातलं आख्खं साम्राज्य, आणि समोर डॉ. लागूंचा फाटका, दारुडा मास्तर. मास्तरचा एकच प्रश्न, मारुती कांबळेचं काय झालं? आख्खा सिनेमा त्या प्रश्नावर उभा आहे. इंटरनेटवर कुणीतरी तो तुकड्यातुकड्यांत टाकला होता. प्रत उन्हात वाळवल्यासारखी पांढुरकी, आणि कोपऱ्यात कुठल्याशा वाहिनीचा ठिपका, जो बरोबर माणसांच्या तोंडावर यायचा.

सुरुवातीलाच मी नियम जाहीर केले. वेग एकपट, पट्ट्या जागेवर, बोलायचं नाही.

निळूभाऊंची सगळी दहशत थांबण्यात आहे. ते शब्दाच्या आधी थांबतात, शब्दाच्या नंतर थांबतात, पान जुळवताना थांबतात. दीडपट वेगात तो पाटील राहत नाही, गाडी चुकेल म्हणून घाईत असलेला एजंट होतो. हे मी मुलीला समजावतच होतो, तेवढ्यात ती मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, “बाबा, मला कळलं मारुती कांबळेचं काय झालं. सांगू?”

“नाही!”

“तिसऱ्याच ओळीत लिहिलंय.”

पाटलाची आख्खी यंत्रणा जे दडपून बसते, ते आमच्या मुलीने अंगठ्याने बाहेर काढलं होतं. तेंडुलकरांना आमची मुलगी ठाऊक असती तर ‘सामना’ एकांकिका झाली असती.

आईने तोवर दोघा-तिघांना घालवलं होतं. मामा मात्र अस्वस्थ होते. एकही डोंगर ओळखीचा निघेना. “ह्यो आमच्या भागातला साखर कारखाना न्हवंच,” असं म्हणून त्यांनी सिनेमातून अंग काढून घेतलं आणि शेंगा सोलायला घेतल्या. बायको पाटलाच्या बंगल्यातल्या सोफ्याकडे बघत होती. पण मधल्या एका प्रसंगात लागू आणि फुले समोरासमोर बसले आणि खोलीत काहीतरी झालं. शेंगा थांबल्या. मुलीने मोबाइल पालथा ठेवला. आईने कुणालाही मारलं नाही. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

आणि तो तुकडा संपला. पुढचा, म्हणजे शेवटचा, तुकडा टाकणाऱ्याने टाकलेलाच नव्हता. मी शोधलं तर त्याच नावाचं भलतंच काहीतरी मिळालं, एका नळदुरुस्तीच्या व्हिडिओसकट.

“शेवट मला ठावा हाय,” मामा म्हणाले. “मास्तर त्या तमासगिरीणीच्या नादी लागतो आणि फडात तुणतुणं धरतो.”

“मामा, तो ‘पिंजरा’. संध्याचा. 1972 चा.”

“आरं, मास्तर त्योच की! लागू. निळू फुलेबी हाय त्यात.”

“बरोबर,” आई म्हणाली. “आणि शेवटी स्वतःच्याच खुनाबद्दल फाशी जातो. मी रडले होते थेटरात.”

“मग मारुती कांबळे?” बायकोने विचारलं.

मामांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि निळूभाऊंनाही जमला नसता एवढा वेळ थांबले. “मारुती कांबळे हाच मास्तर. नाव बदलून ऱ्हात हुता. स्वतःलाच हुडकत फिरतोय गावभर, आणि पाटलाला विचारतोय माझं काय झालं म्हणून.”

मी खरा शेवट सांगायला तोंड उघडलं. चौघांनी मला गप्प केलं. मुलीने तर मोबाइल उचलला, तिसरी ओळ पुन्हा वाचली, आणि म्हणाली, “नाही बाबा, हे लिहिलंय त्यापेक्षा मामाआजोबांचा शेवट भारी आहे. हा सिनेमा कुठे मिळेल?”